तंबूतला पडदा : विस्थापितांसाठीच्या कला-चित्रपट उपक्रमांचा आढावा

सीवूड्स-दारावे स्थानकावर उतरले की फलाटावरून वर चढून थेट मॉलमध्ये जाता येते. मॉलमध्ये चित्रपटगृह आहे आणि शुक्रवारी संध्याकाळी तिथे रांगा लागतात. स्थानकाच्या पाटीवर मात्र दोन नावे आहेत. सीवूड्स हे नव्या वस्तीचे नाव, आणि दारावे हे त्या जुन्या आगरी-कोळी गावाचे, ज्याच्या शिवारावर ही वस्ती उभी राहिली. शेजारच्या करावे गावाचीही तीच कथा. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल, उरण पट्ट्यातल्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी घ्यायचे ठरले. भातखाचरे गेली, मिठागरे गेली, खाडीकडे जाणाऱ्या वाटा बदलल्या. मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली मोठे आंदोलन झाले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरणजवळ जासई-दास्तान परिसरात गोळीबार होऊन पाच जण मृत्युमुखी पडले. त्या लढ्यातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली.

ज्यांचे घर किंवा जमीन गेली त्यांच्यासाठी गाणे, नाटक, चित्रपट काय करू शकतात, हा प्रश्न म्हणूनच सीवूड्सच्या माणसाला परका नाही. जगात तो सध्या एका वेगळ्याच ठिकाणाहून ऐकू येतो. अल्जीरियाच्या वाळवंटात पन्नास वर्षे तंबूंत आणि मातीच्या घरांत राहणाऱ्या साहरावी निर्वासितांनी आपल्या छावणीत चित्रपट महोत्सव सुरू केला, आणि अशा उपक्रमांनी नेमके काय साधते याची चर्चा नव्याने रंगली. या चर्चेचा महाराष्ट्रातला इतिहास ऐंशी वर्षांचा आहे आणि त्यातले बरेच धडे इथे आधीच गिरवून झाले आहेत.

नावाचा प्रश्न

मराठीत अशा माणसांसाठी एक शब्द नाही, चार-पाच आहेत. सीमा ओलांडून आलेला तो निर्वासित, आपल्याच देशात उठवला गेलेला विस्थापित, धरणाने बुडालेला धरणग्रस्त, कारखाना किंवा शहर येऊन जमीन गेलेला प्रकल्पग्रस्त. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांना ‘निर्वासित’ हा शब्द बोचत असे. आपण कुणाकडे आश्रय मागायला आलेलो नाही, कष्टाने उभे राहणारे ‘पुरुषार्थी’ आहोत, असे त्यांच्यातले अनेक जण सांगत.

फरक कायद्यातही आहे. भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली नाही, त्यामुळे इथला निर्वासित बऱ्याच अंशी सरकारच्या मर्जीवर असतो. प्रकल्पग्रस्त हा नागरिक असतो. त्याला मत असते, कोर्ट असते, मोर्चा असतो. दोघांसाठीच्या कला-उपक्रमांची जातही त्यामुळे वेगळी होते. निर्वासितासाठी सहसा निधी गोळा होतो, तर विस्थापितासाठी साक्ष गोळा केली जाते. ही विभागणी काटेकोर नाही, पण पुढचे वाद समजून घ्यायला तिची मदत होते.

झोळी फिरवणारी कला

सर्वांत जुना आणि सर्वांत सोपा मार्ग निधीचा. इप्टाची, म्हणजे भारतीय जननाट्य संघाची, स्थापना मे १९४३ मध्ये मुंबईत झाली. ते बंगालच्या भीषण दुष्काळाचे वर्ष होते. बिनय रॉय यांचे बंगाली कलापथक गाणी, नाच आणि छोटी नाट्ये घेऊन मुंबईसह देशभर फिरले आणि दुष्काळग्रस्तांसाठी त्याने लाखाहून अधिक रुपये जमवले. गावे सोडून कलकत्त्याच्या रस्त्यांवर आलेल्या कुटुंबांची कथा ख्वाजा अहमद अब्बास यांनी १९४६ मध्ये ‘धरती के लाल’मध्ये पडद्यावर आणली. अमर शेख आणि अण्णा भाऊ साठे यांच्या लाल बावटा कलापथकाचा काळही हाच. गाणे ऐकवायचे, मग प्रेक्षकांमध्ये झोळी फिरवायची, ही रीत महाराष्ट्राच्या चळवळींच्या अंगवळणी पडली ती तेव्हापासून.

१९७१ मध्ये या रीतीने जागतिक रूप घेतले. पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले होते. पंडित रविशंकर यांनी जॉर्ज हॅरिसनला हाक दिली आणि १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये एकाच दिवशी दोन मैफिली झाल्या. तिकिटांतून जमलेले सुमारे २ लाख ४३ हजार डॉलर युनिसेफकडे गेले. ध्वनिमुद्रिका आणि चित्रपट यांतून येणारी रक्कम याच्या कितीतरी पट होती, पण कार्यक्रमाआधी करमाफीची कागदपत्रे पुरी न केल्याने ती अमेरिकेच्या करखात्यात वर्षानुवर्षे अडकून पडली. बांगलादेश स्वतंत्र झाला, निर्वासित परत गेले, तरी बराच पैसा यायचाच होता.

त्याच सुमारास भारत सरकारने निर्वासितांसाठी टपालावर पाच पैशांचे जादा तिकीट लावणे सक्तीचे केले. घराघरांतून गेलेल्या पत्रांवर ते चिकटले. त्या पाच पैशांना ना टाळ्या मिळाल्या ना वर्तमानपत्राचा रकाना. निधी जमवण्यासाठी मैफल उत्तम साधन आहे का, या प्रश्नावर एक बाजू म्हणते की कर अधिक पैसा आणतो आणि अधिक खात्रीने आणतो. दुसरी बाजू विचारते, त्या मैफिलीआधी अमेरिकेतल्या किती लोकांना ‘बांगलादेश’ हे नाव ठाऊक होते? दोन्ही म्हणणी खरी आहेत. ती एकमेकांना छेद देत नाहीत, कारण दोघे मोजत आहेत त्या गोष्टीच वेगळ्या आहेत.

मडक्याचा ताल

सिंधी निर्वासितांचे उदाहरण यापेक्षा निराळे आहे आणि या विषयावरच्या लेखनात त्याला हवी तेवढी जागा मिळत नाही.

दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ सैन्याच्या बराकी होत्या. फाळणीनंतर सिंधमधून बोटींनी आलेली कुटुंबे त्यांत आणून ठेवली गेली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी या छावणीचे उल्हासनगर झाले. गावाचे बारसे होऊन पाऊण शतक उलटले, तरी तिथला रिक्षावाला आजही ‘कॅम्प नंबर चार’ किंवा ‘कॅम्प नंबर पाच’ असेच विचारतो.

या लोकांसाठी कुणी परदेशात मैफल भरवली नाही. त्यांच्यातलेच राम पंजवाणी गात होते. सिंधी साहित्याचे प्राध्यापक आणि लेखक असलेले पंजवाणी कराचीहून मुंबईत आले, आणि मांडीवर मातीचे मडके घेऊन सिंधी वस्त्यांमधून गात फिरले. मडक्याच्या पोटावर बोटांचा ताल, तोंडावर तळव्याची थाप, त्यातून उठणारा घुमारा आणि वर सुफी कलाम किंवा भगताची चाल. या वाद्याला ना पेटी लागते ना तारा. कुठल्याही कुंभाराकडे ते मिळते आणि फुटले तर दुसरे घेता येते. सगळे मागे टाकून आलेल्या समाजाला परवडणारे असेच वाद्य होते ते. पंजवाणींना पुढे १९६४ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार आणि १९८१ मध्ये पद्मश्री मिळाली.

चित्रपटही आला. १९५८ सालचा ‘अबाणा’ हा फाळणीनंतर भारतात निघालेला पहिला सिंधी चित्रपट म्हणून ओळखला जातो. त्यात शीला रमाणी यांच्यासोबत कराचीत जन्मलेली, फाळणीत घर सुटलेली एक मुलगी होती. ‘लव्ह इन सिमला’ची साधना ती हीच.

या उदाहरणावरून एक मोठा विचारप्रवाह आपली मांडणी करतो. कला निर्वासिताला जी मदत करते ती आधी त्याच्या भाषेला करते, पोटाला नंतर. सिंधला जाता येत नाही, सिंधी भाषेला स्वतःचे राज्य नाही, अशा वेळी गाणे हीच राहण्याची जागा. तिबेटी समाजानेही हेच ओळखले होते. दलाई लामा १९५९ मध्ये भारतात आले आणि त्याच वर्षी तिबेटी नाट्य-संगीताची संस्था सुरू झाली. डोक्यावर धड छप्पर नव्हते, तरी ऑपेराच्या तालमी चालू होत्या.

तिबेटी कलेचा मुंबईशी असलेला धागा तेन्झिन त्सुंडूचा. निर्वासित आईबापांचा हा मुलगा मुंबई विद्यापीठात शिकत होता. वर्गमित्रांकडून पैसे उसने घेऊन त्याने पहिला कवितासंग्रह छापला. जानेवारी २००२ मध्ये चीनचे पंतप्रधान झू रोंगजी मुंबईत ओबेरॉय टॉवर्समध्ये उतरले असताना तो इमारतीच्या परांचीवरून चढत वर गेला आणि त्याने तिबेटचा झेंडा फडकवला. कविता आणि परांची यांतले त्याचे खरे माध्यम कोणते, हा वाद त्याचे वाचक आजही घालतात.

साक्ष देणारा कॅमेरा

तिसरी बाजू माहितीपटांची. इथे मुंबईचा अनुभव फार समृद्ध आहे, म्हणून जरा थांबायला हवे.

१९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पदपथावर राहणाऱ्यांच्या खटल्यात निकाल दिला. उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कातच येतो, हे मान्य झाले, पण झोपड्या हटवण्याचा पालिकेचा अधिकारही कायम राहिला. त्याच वर्षी आनंद पटवर्धन यांचा ‘हमारा शहर’ आला. बुलडोझर, पाऊस, उघड्यावर पडलेली भांडीकुंडी आणि दुसरीकडे दिवाणखान्यात बसून शहर स्वच्छ करण्याच्या गप्पा मारणारे, हे सगळे त्यात एकापुढे एक येते. चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

१९८६ मध्ये नरिमन पॉइंटजवळची संजय गांधी नगर ही वस्ती पाडली गेली. निवारा हक्क सुरक्षा समितीच्या उपोषणाला पटवर्धन बसले, शबाना आझमीही बसल्या. मृणाल सेन यांचा ‘जेनेसिस’ त्या वर्षी कान महोत्सवात होता आणि शबानांना तिकडे जायचे होते. त्या गेल्या नाहीत. उपोषण पाच दिवस चालले आणि वस्तीतल्या कुटुंबांना अखेर दिंडोशीला पर्यायी जागा मिळाली. कला-उपक्रमांच्या बाजूने बोलणारे हे उदाहरण हमखास देतात, आणि ते दिलेच पाहिजे. मात्र त्यातला बारकावा सुटू नये. जागा मिळाली ती चित्रपटाच्या खेळाने नव्हे. एका अभिनेत्रीने महोत्सव सोडून फुटपाथवर बसायचे ठरवले, वस्तीतले लोक आधीपासून संघटित होते आणि वर्तमानपत्रांना दुर्लक्ष करता आले नाही, असे सगळे जुळून आले.

नर्मदेचा अनुभव याच्या उलट जातो. सरदार सरोवरात महाराष्ट्रातली अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ आदिवासी गावे येत होती. मणिबेली हे त्यांतले पहिले. इथल्या लढ्याइतके चित्रीकरण भारतातल्या फार थोड्या लढ्यांचे झाले असेल. अली काझिमी यांचा ‘नर्मदा : अ व्हॅली रायझेस’, पटवर्धन आणि सीमंतिनी धुरू यांचा १९९५ सालचा ‘अ नर्मदा डायरी’, फ्रॅनी आर्मस्ट्राँग यांचा ‘ड्राउन्ड आउट’. हे चित्रपट जगभर दाखवले गेले. जागतिक बँकेला १९९३ मध्ये या प्रकल्पातून बाहेर पडावे लागले, त्यात जगभर तयार झालेल्या जनमताचा वाटा होता. पण १८ ऑक्टोबर २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने बांधकाम पुढे चालू ठेवायला परवानगी दिली, आणि १७ सप्टेंबर २०१७ रोजी १३८.६८ मीटर उंचीच्या धरणाचे लोकार्पण झाले. गावे बुडाली, चित्रफिती राहिल्या.

मग चित्रपट हरले का? आंदोलनातले लोक तसे मानत नाहीत. पुनर्वसनाची प्रत्येक एकर जमीन भांडून मिळवावी लागली आणि त्या भांडणात चित्रित पुरावा कामी आला, असे ते म्हणतात. चिमलखेडी, निमगव्हाण अशा गावांत आंदोलनाने सुरू केलेल्या जीवनशाळा त्यांना कुठल्याही महोत्सवापेक्षा मोलाच्या वाटतात. तिथे मुले पावरी-भिलोरीत गाणी म्हणतात आणि वर्षातून एकदा सगळ्या शाळांचा बालमेळावा भरतो.

प्रसिद्ध चेहऱ्यांनी पाठिंबा दिल्यावर काय होते, हेही याच लढ्याने दाखवले. एप्रिल २००६ मध्ये आमिर खान दिल्लीत जंतरमंतरवर धरणग्रस्तांच्या धरण्यात जाऊन बसला. पुढच्याच महिन्यात त्याचा ‘फना’ प्रदर्शित झाला आणि गुजरातमधल्या चित्रपटगृहांनी तो लावायला नकार दिला. त्यानंतर अशा प्रश्नावर उघड बोलणाऱ्या मोठ्या नटांची संख्या वाढलेली दिसत नाही.

वाळवंटातला प्रयोग

आता सहारा. १९७५ मध्ये स्पेनने पश्चिम सहारावरचा ताबा सोडायला घेतला तेव्हा मोरोक्को आणि मॉरिटानिया यांनी तो प्रदेश वाटून घेतला. मॉरिटानियाने पुढे माघार घेतली. हजारो साहरावी अल्जीरियात तिंदूफजवळ पळून गेले आणि पाच छावण्या वसल्या. त्यांनी छावण्यांना नावे दिली ती मागे सुटलेल्या गावांची : स्मारा, अल-आयून, दाख्ला, औसर्द, बुजदूर. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाने तिथे पावणेदोन लाखांच्या आसपास लोक आहेत. मोरोक्को आणि साहरावींची स्वातंत्र्यवादी संघटना पोलिसारियो यांच्यातल्या युद्धात १९९१ मध्ये युद्धबंदी झाली ती सार्वमताच्या आश्वासनावर. सार्वमत झालेच नाही, आणि २०२० मध्ये युद्धबंदीही मोडली. भारताने १९८५ मध्ये साहरावी प्रजासत्ताकाला मान्यता दिली होती आणि २००० मध्ये ती काढून घेतली. मराठी वर्तमानपत्रांत हा विषय फारसा दिसत नाही.

‘फिसहारा’ हा महोत्सव २००३ मध्ये सुरू झाला. मालमोटारीला मोठा पडदा बांधतात, अंधार पडला की बायाबापड्या, मुले वाळूवर चटया टाकून बसतात. परदेशी पाहुण्यांसाठी हॉटेल नसते, ते निर्वासितांच्याच घरी राहतात, त्यांच्यासोबत तीनदा चहा पितात. सर्वोत्तम चित्रपटाचे बक्षीस पांढरा उंट. विजेता तो घरी नेऊ शकत नाही, म्हणून उंट छावणीतच राहतो. महोत्सवाच्या प्रयत्नांतून २०११ मध्ये छावणीत चित्रपट शिकवणारी शाळाही सुरू झाली. आणखी दोन वाटा म्हणजे २००७ मध्ये पश्चिम सहारातल्या तिफारितीच्या परिसरात सुरू झालेला ‘आर्टिफारिती’ हा कला-मेळा, आणि लंडनहून साहरावी संगीताला व्यासपीठ देणारी ‘सँडब्लास्ट’ ही संस्था. हावियेर बार्देम या नटाने २०१२ मध्ये या प्रश्नावर माहितीपट काढला आणि तो संयुक्त राष्ट्रांपर्यंत बोलायला गेला.

या प्रयोगाचे वेगळेपण त्याच्या जागेत आहे. १९७१ ची मैफल न्यूयॉर्कात झाली, निर्वासित बंगालच्या चिखलात होते. इथे प्रेक्षक निर्वासित आहेत आणि पाहुणे त्यांच्या अंगणात. पंजवाणींचे मडके आणि पटवर्धनांचा कॅमेरा एकाच तंबूत आणण्याचा हा प्रयत्न आहे, असे म्हणता येईल. महोत्सवाने इतक्या वर्षांत प्रश्न सुटला नाही ही टीका तेव्हा थोडी चुकीच्या दाराशी जाते. तो सोडवणे सुरक्षा परिषदेचे काम आहे.

आक्षेप

पहिला आक्षेप ‘हमारा शहर’मध्येच आहे. झोपडी पाडली गेलेली एक बाई चित्रीकरण करणाऱ्यालाच झापते. आमची चित्रे काढून तुझे नाव होईल, आम्हाला काय मिळणार, असा तिच्या बोलण्याचा रोख. पटवर्धन यांनी तो प्रसंग कापला नाही. माहितीपटाच्या प्रत्येक वर्गात आज तो दाखवला जायला हवा.

दुसरा आक्षेप, कथा कोणाची. २००९ मध्ये ‘स्टोलन’ हा ऑस्ट्रेलियन माहितीपट आला. साहरावी छावण्यांत गुलामी टिकून आहे, असे त्याचे म्हणणे. ज्या स्त्रीभोवती चित्रपट फिरतो ती स्वतः सिडनीला पोहोचली आणि तिने हे चित्रण खोटे असल्याचे जाहीर सांगितले. तिच्यावर पोलिसारियोचा दबाव आहे, असे दिग्दर्शकांचे उत्तर. तिच्या प्रवासाची सोयही पोलिसारियोनेच केली होती. छावणीतल्या माणसाची संमती खरी किती आणि नकार खरा किती, याचा निवाडा बाहेरून करणे किती अवघड आहे ते या प्रकरणात उघडे पडले. निर्वासितांच्या नेतृत्वालाही आपली चांगलीच बाजू पडद्यावर यावी असे वाटते, हे मान्य करून पुढे जावे लागते.

तिसरा आक्षेप उलट्या बाजूने. चित्रपट विस्थापितांना मदत करतो तसाच तो ताबा घेणाऱ्याच्याही कामी येतो. २०२५ च्या जुलैमध्ये ख्रिस्तोफर नोलन यांच्या ‘द ओडिसी’चे चित्रीकरण मोरोक्कोच्या ताब्यातल्या दाख्ला शहरात झाले, तेव्हा फिसहाराच्या आयोजकांनी ते थांबवण्याचे आवाहन केले. छावणीतल्या दाख्लात मालमोटारीचा पडदा, आणि मूळ दाख्लात हॉलिवूडचे दिवे.

न सुटलेले

पहिली अडचण मोजण्याची. किती पैसा आला हे सांगता येते. किती मने वळली, त्यातून कोणता निर्णय बदलला, याचा हिशेब मांडता येत नाही. दिंडोशीची जागा आणि बुडालेले मणिबेली, दोन्ही डोळ्यांसमोर ठेवूनच बोलावे लागते.

दुसरी अडचण परवानगीची. भारतात जाहीर खेळ करायचा तर प्रमाणपत्र लागते. २००४ मध्ये मुंबईच्या सरकारी माहितीपट महोत्सवात भारतीय चित्रपटांना सेन्सॉर प्रमाणपत्राची अट घालण्याचा प्रयत्न झाला. निर्मात्यांनी विरोध केल्यावर अट मागे गेली, पण राकेश शर्मा यांच्या गुजरातवरच्या ‘फायनल सोल्यूशन’सारखे चित्रपट निवडीतच गळले. मग प्रभादेवीला भूपेश गुप्ता भवनात ‘विकल्प’ हा समांतर महोत्सव भरला. तिबेटी चित्रपटांना तर परक्या देशातही हे भोगावे लागते. २०१० मध्ये पाम स्प्रिंग्स महोत्सवाने रितू सरीन आणि तेन्झिन सोनम यांचा तिबेटवरचा चित्रपट ठेवला, तेव्हा निषेध म्हणून दोन चिनी चित्रपट काढून घेतले गेले.

तिसरी अडचण सांभाळण्याची, आणि ती नवी मुंबईला सर्वांत जवळची आहे. आगरी लग्नांत धवलारीण जी गाणी म्हणते त्यांत शेते, खाडी, मीठ, मासे सगळे येते. ही गाणी मुखोद्गत असलेल्या बायका म्हाताऱ्या होत चालल्या आहेत. जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या रस्त्यावर विशीत असलेली मुले आज साठीच्या पुढे आहेत. विमानतळासाठी दहा गावे उठली, तिथली घरे पाडली जाताना घरच्याच पोरांनी मोबाइलवर केलेले चित्रीकरण फोन बदलले की हरवते. नेरूळला आगरी-कोळी भवन आहे, सीवूड्सला चित्रपटगृह आहे, गावठाणांत देवळापुढे पडदा लावण्याइतकी मोकळी जागा अजून शिल्लक आहे. या साऱ्या आठवणी कुणी नोंदवायच्या, त्यांच्यावर हक्क कुणाचा राहील आणि त्या आधी कुणाला दाखवायच्या, वरच्या मजल्यावरच्या तिकीटवाल्या प्रेक्षकाला की देवळापुढच्या ओट्यावर बसणाऱ्यांना, हे अजून ठरायचे आहे.